निळ्या वन्देचा कायदा

कोंकणांत व सह्याद्रीच्या उतरणीवर ज्येष्ठाच्या सुमारास झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे जे घोस लोंबतात, त्यांस आपण सीतेची वेणी म्हणतों. याच आमरीच्या कुळांतील एक निळी वनस्पति खासी टेकड्यांत ओकच्या झाडांवर वाढते. शास्त्रज्ञ तिला 'व्हँडा सेरुलिया' म्हणतात. त्यांतील पहिला शब्द सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृतांतील 'वन्दा' यावरूनच घेतला. तेव्हां आम्हीं येथें तिला निळी वन्दा म्हटलें तर वाचक रागावणार नाहींत.

ही वनस्पति विल्यम ग्रिफिथ यांस १८३७ सालीं सांपडली व लिंडले यांनीं १८४७ त तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु तिची खरी कथा १८५० पासून सुरू होते. त्या वर्षीं जोसेफ हूकर खासी टेकड्यांत होते. क्यू येथील उद्यानासाठीं त्यांनीं सात माणसांच्या ओझ्याइतकी वन्दा झाडांवरून काढविली. वाटेंतील अपघातांमुळें तींतील फारच थोडी इंग्लंडांत जिवंत पोहोंचली. एका गृहस्थानें जागा पाहण्यास आपला माळी हूकरांबरोबर धाडला होता. त्या गृहस्थानें पाठविलेलें एकच ओझें, अर्धमेलें असूनहि, ३०० पौंडांस गेलें. एकेका रोपास ३ ते १० पौंड! चलाख संग्राहकास एका हंगामांत खासी आमरींवर दोनतीन हजार पौंड सहज मिळवितां येतील, असा हिशेबहि हूकरांनीं १८५४ च्या आपल्या प्रवासग्रंथांत मांडला आहे. आणि याच हूकरांनीं एका पत्रांत कळविलें कीं, संग्राहकांच्या माणसांची येथें अशी गर्दी उडाली आहे कीं, मैलच्या मैल रस्ता वादळानंतर दिसावा तसा कुजक्या फांद्यांनीं व आमरींनीं भरला आहे. ओरबाडणारा आणि त्याची नोंद ठेवणारा एकच! आम्ही त्यांस दोष देत नाहीं. त्यांनीं कोणताहि कायदा मोडला नाहीं. मोडण्यास कायदाच नव्हता.

तो आला १४१ वर्षांनीं. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमांत वनस्पतींच्या रक्षणाचें प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीनें घातलें गेलें, आणि सहाव्या अनुसूचींत जीं अवघीं सहा नांवें आलीं त्यांत निळी वन्दा होती. (२०२२ च्या दुरुस्तीनें ही यादी तिसऱ्या अनुसूचींत गेली.) रानांतून ती तोडणें, उपटणें, विकणें मना झालें, इतकेंच नव्हे, तर तिची लागवड करावयाची तरी मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना हवा. उलट, राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापारास बांध घालणाऱ्या 'साइट्स' करारानें तिला आरंभीं पहिल्या, अति कडक परिशिष्टांत ठेविलें होतें. तेथून २००४ च्या बँकॉक येथील परिषदेंत ती दुसऱ्या परिशिष्टांत उतरविली गेली. कारण उघड होतें. आमरीचें धुळीसारखें बीं बुरशीच्या साहाय्यावांचून साखरेच्या खळींत रुजतें, हें नड्सन यांनीं १९२२ सालींच दाखविलें होतें, आणि थायलंडांतील बागवान कांचेच्या कुपींतून वन्देचीं व तिच्या संकरांचीं रोपें अगणित काढूं लागले होते.

मग स्वतः बीं रुजवून रोप वाढविणाऱ्यानें अरण्याचें काय नेलें? हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. परंतु रोप कुपींत जन्मलें कीं ओकवरून खरवडून आणलें, हें नाक्यावरील शिपायानें कसें ओळखावें? त्याला कागदच पाहिजे. मात्र तो कागद मिळविणें जितकें जिकिरीचें, तितका चोराचा माल स्वस्त, हेंहि खरें.

शिवाय कायदा वन्देस जपतो, ती ज्या ओकवर बसते त्याचें काय? मेघालयांतील बहुतेक अरण्य सरकारचें नसून कुळांच्या व गांवांच्या मालकीचें आहे. ओक तुटला कीं वन्दा त्याबरोबर जमिनीवर येते, आणि तेव्हां तिला उपटल्याचा आरोप कोणावरहि येत नाहीं. अनुसूचित जमातींच्या माणसांस मात्र या कायद्यानें एक सवलत ठेविली आहे: आपण राहतों त्या जिल्ह्यांत, स्वतःच्या उपयोगापुरती, त्यांनीं ती खुशाल घ्यावी, विकावयास नव्हे.