मेहकरचे वकीलसाहेब

स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असं समितीने सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आयुष्यभर दावे, कैफियती आणि नोटिसा लिहिल्या. लेख लिहायची सवय नाही. पण गेल्या महिन्यात आपल्याच सोसायटीतली एक सातवीतली पोरगी शाळेची वही घेऊन माझ्याकडे आली. विषय होता, 'आपल्या जिल्ह्यातील थोर व्यक्ती'. सिंदखेडराजाच्या जिजाऊ मासाहेब लिहून झाल्या होत्या, शेगावचे गजानन महाराजही झाले होते. बाईंना आणखी एक नाव पाहिजे होतं.

मी म्हटलं, "ना. घ. देशपांडे लिही. मेहकरचे. वकील होते अन् मोठे कवी होते."

तिने सगळी माहिती मन लावून उतरवून घेतली. शेवटी पेन खाली ठेवून विचारलं, "आजोबा, एवढे मोठे होते तर ते मुंबईला काऊन नाही गेले?"

मी हसलो खरा, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण हाच प्रश्न दर रविवारी फोनवर माझा मुलगा मला विचारतो. "बाबा, आता बुलढाण्यात काय ठेवलंय? फ्लॅट विका आणि पुण्याला या." म्हणून हा लेख. तिच्यासाठी आहे, आणि थोडा मुलासाठीही.

नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ चा, मेहकर तालुक्यातल्या सेंदुरजन्याचा. बी. ए., एलएल. बी. झाले आणि मेहकरलाच त्यांनी वकिली केली. माझी त्यांची ओळख नव्हती. मी सनद घेतली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि माझं काम बुलढाण्याच्या कोर्टात. पण बार रूममध्ये कोणी 'मेहकरचे वकीलसाहेब' म्हटलं की कोणाबद्दल बोलणं चाललं आहे, ते सगळ्यांना कळायचं.

त्यांची 'शीळ' ही कविता ग. ना. जोशी यांनी गायली आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताची सुरुवात या गाण्यापासून झाली असं जाणकार मानतात. आपल्या घरांतल्या ऐंशीच्या पुढच्या कोणत्याही आजीला विचारा, चाल अजून पाठ असेल. गाणारे जोशी पुढे मुंबईत एचएमव्ही कंपनीत रेकॉर्डिंगच्या मोठ्या कामावर गेले. लिहिणारे मेहकरला राहिले.

आता पुढच्या तारखा बघा. वकिलाला तारखांचीच सवय, म्हणून मी त्या ओळीने मांडतो. गाणं गाजलं तेव्हा कवी पंचविशीच्या आत-बाहेर होते. पहिला संग्रह 'शीळ' निघाला १९५४ साली, म्हणजे मध्ये वीसएक वर्षं गेली. दुसरा 'अभिसार' १९६३ चा. तिसरा 'खूणगाठी' १९८५ चा, म्हणजे आणखी २२ वर्षं. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वय ७७. ज्या वयात आपण लाइट बिल भरायलासुद्धा शेजारच्या पोराला पाठवतो, त्या वयात मेहकरच्या वकिलाला दिल्लीचा मान मिळाला. त्यानंतरही 'गुंफण' आणि 'कंचनीचा महाल' ही पुस्तकं आली. कंचनीचा महाल तर मेहकरचाच. गावातली ती पडकी वास्तू आणि तिची दंतकथा तिकडच्या पोरांना लहानपणापासून माहीत असते.

आपल्यासारख्या माणसाला वीस वर्षं थांबायचं म्हटलं तर जीव घाबरा होतो. त्या थांबण्याच्या वर्षांत तालुक्याच्या वकिलाचे दिवस कसे जातात, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. सकाळी अंगणात पक्षकार येऊन बसलेले. कोणाचं धुऱ्याचं भांडण, कोणाचा पांदण रस्ता अडवलेला, कोणाचा भावाभावांतला वाटणीचा दावा. स्वातंत्र्यानंतर त्यात कुळकायद्याची भर पडली. विदर्भासाठीचा वेगळा कुळकायदा १९५८ साली आला, आणि जमीन मालकाची की कसणाऱ्याची या प्रश्नावर गावंच्या गावं कचेरीच्या पायऱ्यांवर आली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यामुळे मुलींच्या हिश्शाचा प्रश्न घराघरांत गेला. असं भांडण कोर्टात जाण्याआधी माजघरात सुरू होतं, आणि वकिलाला दोन्ही घरं माहीत असतात.

त्या पिढीने आणखी एक गोष्ट पाहिली. ना. घं.चा जन्म झाला तेव्हा वऱ्हाड नुकताच, १९०३ साली, मध्यप्रांताला जोडलेला होता. १९५० साली त्याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. घर तेच, पैनगंगा तीच, शारंगधर बालाजीचं देऊळ तेच, आणि राज्याचं नाव तीनदा बदललं. राज्य बदललं, कायदा बदलला, तरी भांडण घेऊन येणारा माणूस त्याच गावचा. त्याला नव्या कायद्याचा अर्थ त्याच्या भाषेत सांगणारा कोणीतरी गावात लागतो. असा माणूस पुण्याहून येत नाही.

ना. घ. देशपांडे १० मे २००० रोजी गेले. आपली सोसायटी नोंदली गेली तीही २००० सालीच.

जुन्या सभासदांना आठवत असेल. नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागत होते, आणि आपल्याकडे सह्या झाल्या होत्या नऊ. सगळे म्हणत, "पहिले बांधकाम तर होऊ द्या, मग पाहू." तेव्हा एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. म्हणाले, "वकीलसाहेब, कुठं सही करायची ते दाखवा. मला कुठं जायचं आहे आता?" ती दहावी सही. पहिल्या पाच वर्षांत पाण्याच्या टाकीवरून, गाड्या लावण्यावरून, गच्चीवरच्या पापडांवरून जी भांडणं झाली, ती सगळी गुरुजींच्या ओट्यावर मिटली. कायदा मी सांगायचो. लोक ऐकायचे त्यांचं, कारण ते रोज दिसायचे.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे. दिवाळी सोडली तर बऱ्याच घरांत आम्ही दोघं-दोघंच असतो. मुलं नाशिकला, पुण्याला, हैदराबादला, काही साता समुद्रापार. त्यांचा दोष नाही, आम्हीच त्यांना शिकवलं आणि आम्हीच एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. गेलं पाहिजे, हे मान्यच. पण सगळेच गेले तर दहावी सही कोण करणार, हा प्रश्न रौप्यमहोत्सवाच्या मांडवात विचारायला हरकत नाही.

त्या पोरीला मी उत्तर दिलं ते असं, "बाळा, त्यांचं गाणं गेलं मुंबईला. त्यांना जायची गरज नाही पडली." तिला ते पटलं की नाही कोण जाणे. वहीत तिने लिहिलं, 'ते शेवटपर्यंत मेहकरचे वकील होते.' बाईंनी बरोबरची खूण केली आहे.

सोसायटीच्या सभागृहात कपाट आहे, त्यात सध्या गणपतीची झालर आणि जुन्या सभांची प्रोसिडिंग बुकं आहेत. त्यातला एक कप्पा मोकळा करून मी ना. घं.ची मिळतील ती पुस्तकं ठेवणार आहे. किल्ली वॉचमनकडे राहील. वाचायला न्या, पण परत आणा.

मुलाला अजून उत्तर दिलेलं नाही. या रविवारी फोन आला की सांगणार आहे की आमसभेची नोटीस माझ्या सहीने निघाली आहे, तेव्हा सध्या तरी जमणार नाही.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या मुलाबाळांना, इथल्या आणि लांबच्याही, रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.