दावा खरा, पण मुदत टळलेली!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. मात्र, ती चढणे अपरिहार्यच असेल, तर वेळेत चढावी, असे कायदा सांगतो. हाती कागदपत्रे आणि साक्षीदार असूनही केवळ विलंबामुळे दिवाणी दावा फेटाळला जाऊ शकतो.

याचे मूळ १९६३च्या मुदतीच्या कायद्यात आहे. उसन्या पैशांची वसुली किंवा करारपूर्ती यांसाठी ३ वर्षांत, तर मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागण्यासाठी १२ वर्षांत दावा दाखल करावा लागतो. प्रतिवादीने आक्षेप घेतला नसला, तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे कलम ३ नुसार न्यायालयावर बंधनकारक आहे. विलंब वादपत्रावरूनच स्पष्ट होत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ते आरंभीच नामंजूर होते; पुराव्याची वेळच येत नाही.

सर्वाधिक गफलत होते ती हातउसन्या पैशांबाबत. ‘मागाल तेव्हा परत करीन’ या बोलीवर दिलेल्या रकमेची मुदत ती दिल्यापासून मोजली जाते, मागणी केल्यापासून नव्हे. १० जून २०२२ रोजी रक्कम दिली असेल, तर १० जून २०२५ हा दाव्याचा अखेरचा दिवस ठरतो. तोंडी आश्वासने, नातलगांची मध्यस्थी किंवा वकिलाची नोटीस यांनी ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी देण्याची लेखी कबुली दिली, अथवा काही रक्कम फेडून तशी लेखी नोंद सहीनिशी करून दिली, तरच मुदत नव्याने सुरू होते.

विलंब माफीचा अर्ज करता येईल, हाही असाच एक समज. कलम ५ची ही सवलत अपील व अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. तेथेही ‘पुरेसे कारण’ दाखवावे लागते. अशा अर्जांचा विचार उदार दृष्टीने व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले होते. परंतु २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा विलंब माफ करण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला.

मूळ दाव्याला काही मोजक्या सवलती आहेत. अखेरच्या दिवशी न्यायालयास सुट्टी असल्यास ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. अधिकार नसलेल्या न्यायालयात सद्हेतूने, तत्परतेने दाद मागण्यात गेलेला काळ वगळला जातो. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला होता.

दावा वेळेत दाखल झाला, म्हणजे धोका टळला असेही नाही. सुनावणीस प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल, तर दावा फेटाळला जातो. तो पुन्हा दाखल करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. त्याच कारणावरून नवा दावा करता येत नाही. पक्षकाराचा मृत्यू झाल्यास वारसांची नावे ९० दिवसांत लावावी लागतात.

मुदत टळल्याने उसनवारीचे देणे खोटे ठरत नाही. फक्त वसुलीचा न्यायालयीन मार्ग बंद होतो. मिळकतीच्या ताब्याबाबत मात्र कलम २७ नुसार मूळ हक्कच संपुष्टात येतो. म्हणून वकिलाच्या पहिल्याच भेटीत व्यवहाराची तारीख सांगणे आणि अखेरचा दिवस लिहून घेणे हिताचे.