डॉक्टरांनाही शिकवायला शिकावे लागते: रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

थोडक्यात

• आजार ओळखता येणे आणि ते ज्ञान दुसऱ्याला देता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे कौशल्यही शिकावे लागते.
• वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांसाठी भारतात याचे ठरलेले अभ्यासक्रम आहेत.
• सेमाडोहसारख्या दुर्गम भागात डॉक्टर नीट शिकवू शकतो की नाही, यावर लहान बाळाचा जीवसुद्धा अवलंबून असू शकतो.
• रुग्ण आणि नातेवाईक या शिकवण्यात भाग घेऊ शकतात. तो कसा घ्यायचा, हे लेखाच्या शेवटी दिले आहे.

याचा तुमच्याशी काय संबंध?

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट ओलांडला की सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. गाव चिखलदरा तालुक्यात आहे. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आजूबाजूच्या गावांत मुख्यतः कोरकू लोक राहतात. अशा केंद्रावरचा वैद्यकीय अधिकारी बहुतेक वेळा तरुण असतो. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा द्यावी लागते. अनेकांच्या कामाची सुरुवात अशा केंद्रातूनच होते.

हा डॉक्टर प्रत्येक गावात रोज पोचू शकत नाही. गावात असते आशाताई, उपकेंद्रात असते सिस्टर. बाळ आजारी पडले की पहिली नजर त्यांची पडते, आणि त्याच्याही आधी आईची. म्हणून डॉक्टरला जे कळते ते सिस्टरला, सिस्टरला कळते ते आशाताईला आणि आशाताईला कळते ते आईला यावे लागते. त्यात भाषेचा प्रश्न असतोच. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या डॉक्टरला कोरकू येत नाही, आणि घरातल्या वयस्क बायांना मराठी पुरते समजत नाही.

ही साखळी कुठेही तुटली तर औषध केंद्रातच राहते आणि आजार घरात वाढतो. पदाचे नाव वैद्यकीय अधिकारी असले, तरी या डॉक्टरचे निम्मे काम शिक्षकाचे असते.

सांगणे आणि शिकवणे यांत फरक काय?

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे उदाहरण घेऊ. श्वास वेगाने चालणे ही त्याची मोठी खूण आहे. एका मिनिटात इतके किंवा याहून जास्त श्वास असतील तर श्वास वेगवान समजतात:

• दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ: ६०
• दोन महिने ते एक वर्ष: ५०
• एक ते पाच वर्षे: ४०

हे आकडे सांगायला अर्धे मिनिट पुरते, पण प्रत्यक्ष मोजणे अवघड असते. बाळ रडत असेल तर मोजणी चुकते. कपडा वर करून पोट आणि छाती पाहावी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर लहान बाळात हिशेब फसतो, कारण त्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजावेत.

आकडे पाठ असलेली आशाताई आणि बिनचूक मोजणारी आशाताई यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे ते कळणे, करून दाखवता येणे, आणि रोजच्या कामात खरोखर करणे. नुसते भाषण ऐकून माणूस पहिल्या पायरीवर राहतो. पुढे न्यायचे असेल तर शिकणाऱ्याच्या हातून काम करून घ्यावे लागते, ते पाहावे लागते आणि जिथे चुकते तिथे लगेच, न रागावता सांगावे लागते.

डॉक्टरांना हे प्रशिक्षण कुठे मिळते?

पूर्वी चांगला डॉक्टर म्हणजे आपोआप चांगला शिक्षक, असे धरले जाई. पदव्युत्तर पदवी मिळाली की दुसऱ्या दिवसापासून तो विद्यार्थ्यांसमोर उभा राहत असे. आता चित्र बदलले आहे.

वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ठरवलेला हा थोड्या दिवसांचा वर्ग असतो. महाविद्यालयांतील वैद्यकीय शिक्षण विभाग तो घेतात आणि देशभरातली नेमलेली केंद्रे त्यावर देखरेख ठेवतात. विदर्भात वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात असे केंद्र आहे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी हा अभ्यासक्रम आवश्यक केला गेला.

प्रगत अभ्यासक्रम: ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी हा असतो. तो कित्येक महिने चालतो. अध्यापकाला आपल्याच महाविद्यालयात शिकवण्यातली एखादी अडचण निवडून त्यावर प्रकल्प करावा लागतो.

फेलोशिप: 'फायमर' या अमेरिकी संस्थेच्या मदतीने मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये प्रादेशिक केंद्र सुरू झाले. दोन वर्षांच्या या फेलोशिपमध्ये आपले काम सांभाळून अध्यापन आणि शैक्षणिक नेतृत्व शिकता येत असे. लुधियाना आणि कोइम्बतूर येथेही अशी केंद्रे निघाली.

२०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमही क्षमतांवर आधारित झाला. विद्यार्थ्याला किती माहीत आहे याबरोबर त्याला काय करता येते, हेही तपासायचे ठरले. रुग्णाशी बोलणे, संमती घेणे आणि नैतिक वागणूक यांसाठी त्यात वेगळा भाग आहे. असे विषय शिकवायचे तर अध्यापकालाही आधी तयार व्हावे लागते.

या प्रशिक्षणात काय शिकवतात?

१. उद्दिष्ट ठरवणे. तासाच्या शेवटी विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, हे आधी ठरवणे.
२. कौशल्य शिकवणे. एक रूढ पद्धत चार टप्प्यांची आहे. शिक्षक आधी न बोलता पूर्ण काम करून दाखवतो. मग समजावत करतो. नंतर विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो. शेवटी विद्यार्थी स्वतः सांगत करतो.
३. फीडबॅक देणे. 'तुला काहीच येत नाही' यातून कोणी शिकत नाही. 'बाळ रडत असताना मोजलेस, आईला दूध पाजू दे आणि शांत झाल्यावर पुन्हा मोज' यातून शिकतो.
४. रुग्णाच्या खाटेशी शिकवणे. रुग्णाची परवानगी घेणे, त्याच्यासमोर इंग्रजीत कुजबुज न करणे, आणि शेवटी काय बोलणे झाले ते त्याला त्याच्या भाषेत सांगणे.
५. परीक्षा घेणे. लेखी उत्तराबरोबर प्रत्यक्ष काम तपासणे.

शैक्षणिक नेतृत्व म्हणजे काय?

नेतृत्व म्हणजे फक्त अधिष्ठाता किंवा विभागप्रमुख होणे नव्हे. आपण नसतानाही काम नीट चालेल अशी माणसे आणि पद्धत तयार करणे, म्हणजे नेतृत्व. आरोग्य केंद्रात याचा अर्थ साधा आहे. महिन्याच्या बैठकीत फक्त रजिस्टर तपासायचे, की दहा मिनिटे एखादे कौशल्य सर्वांकडून करून घ्यायचे? एखादे बाळ दगावले तर दोष कोणाला द्यायचा, की कुठल्या टप्प्यावर उशीर झाला ते सर्वांनी मिळून शोधायचे? बंधपत्राचा डॉक्टर वर्षभरात जातो. त्याने शिकवलेली सिस्टर आणि आशाताई तिथेच राहतात.

महाराष्ट्रातला अनुभव

याची उत्तम उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत.

जामखेड (अहिल्यानगर जिल्हा): डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांचे शिक्षण एका शिबिरात संपत नसे. त्या नियमाने परत येत, गावातले अनुभव सांगत आणि पुढचे शिकत.

गडचिरोली: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. हे काम ३९ गावांत झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ पासून आशांमार्फत देशभर नवजात बाळांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईने घरी यायचे असते. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

मेळघाट: धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना बालआजार ओळखून घरी उपचार करायला शिकवले.

या सर्व ठिकाणी डॉक्टरांनी आपले ज्ञान ज्याला द्यायचे त्याच्या भाषेत आणि त्याच्या हातात दिले.

रागावून सवय सुटते का?

मेळघाटात बाळाचे पोट फुगले किंवा ते आजारी पडले की काही घरांत अजूनही तापलेल्या विळ्याने पोटाला चटके देतात. याला 'डंबा' म्हणतात. यामुळे आजार बरा होत नाही. उलट जखम होते, तिच्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि दवाखान्यात नेण्याचा मोलाचा वेळ जातो.

चटक्याचे डाग पाहून डॉक्टर आईवर ओरडला तर पुढच्या वेळी ती बाळाला आणणारच नाही, किंवा डाग लपवील. शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आधी विचारतो: बाळाला काय होत होते, कोणी काय सुचवले, तुम्हाला कशाची भीती वाटली? मग तो आईच्याच बाळाची छाती दाखवून सांगतो की श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो आहे, ही न्यूमोनियाची खूण आहे, आणि यावर हे औषध आहे. आजीही सोबत असेल तर तिलाही दाखवतो, कारण घरातला निर्णय अनेकदा तिचा असतो.

या प्रशिक्षणाच्या मर्यादा

कॅनडातील यव्हॉन स्टाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा प्रशिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. अध्यापकांचे ज्ञान, कौशल्य आणि शिकवण्याची पद्धत सुधारते असे त्यात दिसले. पुढचे परिणाम दाखवणारा पुरावा त्या मानाने कमी होता. थोड्या दिवसांचा वर्ग ही सुरुवातच असते. नंतर सराव आणि वरिष्ठांची साथ नसेल तर जुनी सवय परत येते. रिकामी पदे, न मिळणारी गाडी आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता यांवरही प्रशिक्षण हा उपाय नाही.

तुम्ही काय करू शकता?

• समजलेले परत सांगा. 'डॉक्टर, मी काय समजले ते सांगते, चुकले तर सांगा' असे म्हणा. चांगला डॉक्टर हे स्वतःहून विचारतो.
• करून दाखवायला सांगा, मग त्यांच्यासमोर स्वतः करा. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण टाकायचे असते. घरी एक लिटर कोणत्या भांड्यात मोजणार, हे तिथेच ठरवा.
• मराठी नीट समजत नसेल तर संकोच न करता सांगा. आशाताईला किंवा भाषा येणाऱ्या नातेवाइकाला सोबत घ्या.
• कोणी चांगले समजावले तर तसे त्यांना सांगा. शिकवणाऱ्यालाही फीडबॅक लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या दवाखान्यात विद्यार्थी तपासायला येतात. नाही म्हणता येते का?
हो. विद्यार्थ्यांनी आधी ओळख करून देऊन परवानगी घ्यायला हवी. नाही म्हटल्याने तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. स्त्री रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर असणे हा तिचा हक्क आहे.

मग हो का म्हणावे?
आज तुमच्या छातीचा आवाज ऐकणारी विद्यार्थिनी उद्या सेमाडोहच्या केंद्रात एकटीच असेल. तिचे शिक्षण तुमच्यासारख्या रुग्णांमुळेच होते.

चांगला शिकवणारा डॉक्टर कसा ओळखावा?
तो तुमचे बोलणे मध्येच तोडत नाही, सोपे शब्द वापरतो, तुम्हाला काय समजले ते विचारतो, आणि पुन्हा केव्हा यायचे ते नेमके सांगतो.

कोणाची वाट पाहू नये?

बाळ दूध ओढत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके येत असतील, सुस्त किंवा बेशुद्ध असेल, श्वास वेगाने चालत असेल किंवा छातीत खड्डे पडत असतील, नवजात बाळ गार पडले असेल किंवा तापले असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच आशाताईला कळवा, १०८ वर फोन करा आणि जवळचे आरोग्य केंद्र गाठा. वाटेत बाळाला उबदार ठेवा, आणि ते ओढत असेल तर अंगावर पाजत राहा.