मुंबई गोदीतील स्फोट : आगीआधीच्या चुका

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा जो प्रलयंकारी स्फोट झाला, त्याचे मूळ त्या दुपारच्या आगीपेक्षा मालाच्या रचनेत शोधणे अधिक योग्य आहे. सुमारे चौदाशे टन दारूगोळा असलेल्या या जहाजावर कराचीत कापसाच्या गासड्या चढवल्या गेल्या, आणि आतल्या आत दीर्घकाळ धुमसणारा हा माल फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातील कोठीत, स्फोटकांच्या सान्निध्यात रचला गेला. धोकादायक मालाची खूण असलेला लाल बावटाही जहाजावर फडकत नव्हता. आग लक्षात आल्यापासून ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट होईपर्यंत सुमारे दोन तास हाती होते; परंतु जहाज गोदीतच बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे, हा निर्णय कप्तान, गोदी आणि लष्कर यांच्यात विभागलेल्या अधिकारामुळे झालाच नाही. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, हे उचितच आहे; मात्र त्या शौर्याची गरज निर्माण करणाऱ्या भरणीचा आणि अनिर्णयाचा अभ्यासही तितक्याच आस्थेने व्हायला हवा होता.