भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना आणि खर्चाची वाटणी

संशोधनसंस्थेचा भार अनेकांनी उचलला म्हणजे तिचे विद्याक्षेत्रही त्यांच्या संमतीने आखले जाते, ह्याचे बोधप्रद उदाहरण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पूर्वेतिहासात आढळते. जमशेटजी टाटा ह्यांनी १८९८ साली मुंबईतील सुमारे ३० लाख रुपये किमतीची स्थावर मिळकत पदव्युत्तर संशोधनाच्या विद्यापीठासाठी देऊ केली. बर्जोरजी पादशहा ह्यांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या मूळ योजनेत विज्ञान व तंत्रविद्या, वैद्यक, तसेच तत्त्वज्ञान व शिक्षण असे तीन विभाग एकत्र नांदावयाचे होते.

तथापि हा व्याप एकट्या दात्याच्या उत्पन्नावर चालण्याजोगा नव्हता. विद्यार्थी कोठून मिळतील व शिकून ते कोठे सामावले जातील, अशी शंका व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ह्यांनी काढली आणि छाननी लांबत गेली. १९०४ साली टाटा निवर्तले. त्यांच्या पुत्रांनी देणगी कायम ठेवली. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर भूमी व वार्षिक ५० हजार रुपये दिले. भारत सरकारने वार्षिक अनुदान मान्य केले. २७ मे १९०९ च्या आदेशाने संस्था अस्तित्वात आली. १९११ साली विद्यार्थी आले, ते मात्र सामान्य रसायन, उपयोजित रसायन आणि विद्युत्‌तंत्र ह्या विषयांसाठी.

मिळकत, भूमी व अनुदान ह्यांचा मेळ बसला नसता तर संस्था उभीच राहती ना. परंतु त्या मेळात वैद्यक व तत्त्वज्ञान मागे पडले. बहुविद्याशाखीय संशोधनाच्या दृष्टीने हा व्यवहार म्हणूनच लाभाचा, तसाच हानीचाही मानावा लागतो.