गाडी खाली बसवण्याआधी

मंडळी, नोकरी पुण्या-मुंबईत आणि घर जळगाव-धुळ्याकडे अशी आपल्यासारख्यांची एक मोठी जमात आहे. सुरुवातीची वर्षं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातात, मग हप्त्यावर गाडी येते, पगार वाढला की जरा दमदार सेडान येते आणि मग एक दिवस डोक्यात किडा वळवळायला लागतो, की कॉइलओव्हर बसवायचे. त्यानंतर मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती खाली बसते रे?"

माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी विचारायचं ते "कुठल्या रस्त्यासाठी?" आणि हे मी उगाच म्हणत नाही. यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग तर आपल्या खानदेशातूनच जातो.

आधी व्याख्या. कॉइलओव्हर म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉकअप असा एकच जोड. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावर एक कडं फिरतं आणि स्प्रिंग त्या कड्यावर बसते. कडं वर-खाली केलं की गाडीची उंची बदलते. चांगल्या सेटमध्ये आणखी एक छोटी खुंटी असते. ती टक-टक फिरवली की शॉकअप मऊ किंवा कडक होतो. म्हणजे उंची एका ठिकाणी, कडकपणा दुसऱ्या ठिकाणी. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक कामाचं मोड्यूल वेगळं.

आता थेट १६१५ सालात जाऊ. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाला भेटायला अजमेरकडे निघाला. वाटेत बुऱ्हाणपूर. त्यासाठी तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा आला. त्याच्या रोजनिशीत ही नावं वेडीवाकडी लिहिली आहेत, पण खानदेशी माणसाला लगेच ओळखू येतात. बादशहाला द्यायच्या नजराण्यांमध्ये एक इंग्रजी घोडागाडी होती. गंमत बघा, जहांगीरने आपल्या कारागिरांकडून तशीच दुसरी गाडी बनवून घेतली, आणि मूळ गाडीचं आतलं मखमल बदलून उंची कापड लावलं, पितळी खिळे काढून चांदीचे ठोकले. ती नटवलेली गाडी नूरजहानला दिली. म्हणजे हिंदुस्थानातलं सगळ्यात गाजलेलं पहिलं 'आफ्टरमार्केट' काम हे! बदललं काय, तर जे डोळ्यांना दिसतं ते.

अर्थात धक्के कमी करण्यासारखं त्या काळात फारसं काही हाताशी नव्हतंच. रॉबर्ट हुकने स्प्रिंगचा नियम छापला तो १६७८ साली, म्हणजे शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाहून परतले त्या सुमारास. जितकी दाबाल तितक्या प्रमाणात स्प्रिंग उलटा जोर लावते, एवढंच तो नियम सांगतो, पण आजचं सगळं सस्पेन्शन त्यावर उभं आहे. लंडनच्या ओबडाया एलियटने घोडागाडीच्या कमानी स्प्रिंगचं पेटंट घेतलं ते १८०४ मध्ये.

आपल्याकडच्या बैलगाडीला आणि दमणीला मात्र स्प्रिंग नव्हतीच. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव आणि धक्का सरळ मणक्यात. ताशी चार-पाच किलोमीटर वेगाला ते खपून जायचं. वेग वाढला तेव्हा खरा प्रश्न आला.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या पहिल्या अधिकाऱ्याने धुळ्याला आपलं ठाणं केलं. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या घाटाला आपण आजही औट्रम घाट म्हणतो तो याच्याच नावाने. पुढे रस्ते रुंद झाले, मोटारी आल्या, ट्रक आले. ट्रकला पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. या पाट्यांचा एक गुण आपण विसरतो. पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि ते घर्षणच उसळी मारून टाकतं. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही कामं एकाच वस्तूत, जरा ओबडधोबड रीतीने. रावेर-यावलची केळी दिल्लीला पोचली ती अशाच पाट्यांवरून.

वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये मात्र हे घर्षण जवळजवळ नाही. एकदा दाबली की ती डुलतच राहते. म्हणून तिच्याबरोबर शॉकअप हवाच. फ्रान्सच्या ट्रुफोने घर्षणाचा शॉकअप काढला, एडवर्ड हार्टफर्डने १९०४ च्या सुमारास तो अमेरिकेत विकायला आणला, आणि नंतर तेलावर चालणारे आले. पुढे अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा आधार हे सगळं एका उभ्या खांबात बसवलं. १९५० मध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफायर या गाड्यांत ते आलं. त्याच दशकात फ्रेंच संशोधक द कार्बोंचा एकाच नळीचा, दाबाखालच्या वायूचा शॉकअप जर्मनीच्या बिल्स्टाइनने उचलला. आजच्या चांगल्या कॉइलओव्हरचे हे दोन आजोबा.

आपल्याकडे फियाटला पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. अँबॅसॅडरला पुढे पीळ खाणारा दांडा आणि मागे पाटे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मॅकफर्सनचा खांब मध्यमवर्गाच्या अंगणात पोचला. २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जायला लागली, २००४ मध्ये तिची आरएस आली, २०२० मध्ये आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या. वेगवान सेडानचं वेड आपल्या भागात घरोघरी नेलं ते अशाच गाड्यांनी.

आता रस्त्याकडे या. जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. जुना महामार्ग ६, आताचा ५३. तापीच्या खोऱ्यातली ही काळी कपाशीची जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर भराव नीट झाला नाही तर वर कितीही चकचकीत डांबर टाका, काही वर्षांत रस्त्याला लांब लांब लाटा येतात. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. ती फक्त गाडीला कळते.

थोडी आकडेमोड करू. साध्या सेडानचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १.३ वेळा डुलतं. समजा रस्त्याची लाट १५ मीटर लांब आहे. मग ताशी ७० किलोमीटर वेगाला लाटा बरोबर सेकंदाला १.३ या तालात येतात, आणि गाडी झोपाळ्यासारखी वाढत वाढत उसळते. आता तुम्ही दुप्पट कडक स्प्रिंग टाकली. डुलण्याचा वेग दुप्पट होत नाही, वर्गमुळाने वाढतो, म्हणजे साधारण १.८४. आता तोच त्रास कुठे येईल? ताशी १०० ला! म्हणजे उसळी गेली नाही. जिथे आपण संयमाने जात होतो तिथून उचलून जिथे आपण बिनधास्त असतो तिथे नेऊन ठेवली. वर टायर रस्त्यावरून हलका झाला की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हलके. समोरून ट्रक येत असताना ही काही हौसेची बाब राहत नाही.

उसळी मारतो तो शॉकअप, स्प्रिंग नव्हे. पण शॉकअपही फार कडक केला तर पुढच्या लाटेआधी स्प्रिंग परत उघडतच नाही, गाडी दर लाटेला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यावर आदळते. आधीच चार सेंटीमीटर खाली आणलेली गाडी लवकर आदळते.

गतिरोधकाचंही गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या वळणाचा. २.७ मीटर अंतरावर चाकं असलेली गाडी त्यावरून जाताना पोटाखालची जेमतेम साडेपाच सेंटीमीटर जागा जाते. सोपं आहे. पण गावाच्या वेशीवर कुणीतरी रात्रीत टाकलेला अर्धा मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच उंचवटा पूर्ण १५ सेंटीमीटर खातो. तुमची गाडी किती खाली बसते, हे शेवटी तो उंचवटा ठरवतो.

एवढं कळल्यावरही बसवायचेच असतील तर (आणि मला त्यातली मजा कळते) काही गोष्टी सांभाळा. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहा. बऱ्याच सेडानला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे स्प्रिंगखालचं कडं वेगळं येतं, घाबरू नका. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर परत आपल्या जागी अडकवली का ते स्वतः बघा. खालच्या आर्मचे बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उंची ठरवताना सीटवर माणसं बसवा. काही दिवसांत स्प्रिंगा बसतात, मग अलाइनमेंट करा.

शॉकअपची खुंटी सगळ्यात मऊ बाजूने सुरू करा. एकच पट्टा, तोच वेग, तेवढीच माणसं आणि एका वेळी एकच बदल. डिबगिंगचा नियम इथेही तोच. एरंडोल ते पारोळा दोन-तीन फेऱ्यांत उत्तर मिळतं. उंची माझ्या मते १५-२० मिलीमीटरपेक्षा जास्त कमी करू नये.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही आधी विचारा, नंतर नव्हे.

असो. शेवटची चाचणी मात्र एकट्याने करू नका. मागच्या सीटवर आई-वडिलांना बसवा, डिकीत घरचं धान्य आणि लोणच्याची बरणी ठेवा, आणि जळगावहून धुळ्याला जाऊन या. मुक्कामाला पोचल्यावर वडिलांनी कंबर न धरता गाडीतून पाय बाहेर टाकला, तर आकडे कागदावर लिहून ठेवा. सेटिंग जमलं.