राष्ट्रकूट कुणाचे? लट्टलूरच्या धन्यांचं मूळ शोधताना



पिंगळीत जुन्या काळाविषयी बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पिंगळेश्वराचं मंदिर, ही बारव, हे बांधलं कुणी? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. ते लोक आपले होते का? पहिल्या प्रश्नासाठी दगड बघता येतो, घडण बघता येते, लेख असेल तर वाचता येतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दगड उत्तर देत नाही. आज आपण या दुसऱ्या प्रश्नावरच बोलणार आहोत. त्यासाठी घराणं घेऊ राष्ट्रकूटांचं, कारण त्यांच्या मुळावरून जेवढा वाद झाला तेवढा दख्खनच्या फार थोड्या घराण्यांवरून झाला असेल.

आधी सगळ्यांना मान्य असलेल्या गोष्टी सांगतो. आठव्या शतकाच्या मध्यावर दंतिदुर्ग नावाच्या राजानं बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. त्याचा सामानगडचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इसवी सन ७५४ च्या आसपासचा आहे. त्याचा चुलता पहिला कृष्ण, त्याच्या काळात वेरूळचं कैलास लेणं झालं. पुढं अमोघवर्षाच्या काळात राजधानी मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मालखेडला स्थिरावली. ९७३ साली दुसऱ्या तैलपानं ही सत्ता संपवली. सव्वादोनशे वर्षांचा हा कारभार. आपला परभणीचा मुलूखही त्यातच होता.

इथपर्यंत भांडण नाही. भांडण सुरू होतं ते हे लोक मूळचे कोण, या प्रश्नावर.

पहिला पुरावा नावाचा. राष्ट्रकूट म्हणजे काय? राष्ट्र म्हणजे मुलूख, प्रांत, आणि कूट म्हणजे प्रमुख. जुन्या ताम्रपटांत ग्रामकूट हा शब्द येतो, तो गावच्या मुख्य माणसाला, आपल्या भाषेत पाटलाला. म्हणजे राष्ट्रकूट हे मुळात हुद्द्याचं नाव. पण विद्वानांनी त्यातून वंश काढले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ‘रट्ट’ आणि ‘महारट्ट’ यांची सांगड घातली आणि राष्ट्रकूट इथल्याच मातीतले ठरवले. चिंतामणराव वैद्यांनी त्यांना मराठी क्षत्रिय म्हटलं. बर्नेल या इंग्रज अभ्यासकानं त्यांचा संबंध तेलुगू रेड्ड्यांशी जोडला. कुणी राठोड या नावाचा धागा धरून राजस्थानकडं गेलं. शब्द एकच, वाटा चार.

आता मंडळी, असा विचार करा. आजपासून हजार वर्षांनी कुणी आपल्या जिल्ह्यातली कागदपत्रं उघडली आणि प्रश्न टाकला, ‘देशमुख कोणत्या वंशाचे?’ काय उत्तर देणार? देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांत आहेत, लिंगायतांत आहेत. वतन होतं ते, वंश नव्हता. हुद्दा आडनाव झाला आणि पुढं आडनावावरून लोक कूळ शोधायला लागले. राष्ट्रकूट या नावाचंही असंच आहे. महाराष्ट्रात आणि मध्य भारतात या नावाची एकाहून जास्त घराणी नांदली. ती सगळी एकाच खापर-पणजोबाची लेकरं होती, हे नावावरून सिद्ध होत नाही.

दुसरा पुरावा गावाचा. अमोघवर्षाच्या लेखांत एक बिरुद येतं, ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. म्हणजे लट्टलूर या थोर नगरीचा धनी. हे लट्टलूर कुठलं? फ्लीट साहेबांनी आधी ते छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळचं रतनपूर मानलं. पण रतनपूरचं जुनं नाव रत्नपूर, आणि रत्नपुराचं लट्टलूर होणं भाषेच्या नियमात बसत नाही. लातूरचं मात्र सरळ बसतं. आज बहुतेक अभ्यासक लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असंच धरतात.

हे ऐकलं की आपल्याकडं टाळी पडते. ‘बघा, लातूरचे! म्हणजे मराठी!’ थोडं थांबा. त्या बिरुदाकडं नीट बघा. अमोघवर्ष राज्य करत होता मान्यखेटहून, आणि बिरुद लावत होता लट्टलूरचं. म्हणजे ते घराण्याच्या जुन्या गावाचं नाव होतं, मिरवायचं, आठवणीचं. मुंबईत तीन पिढ्या राहिलेला माणूस अजून ‘आम्ही मूळचे जिंतूरचे’ म्हणतो, तसंच. शिवाय सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानंही पुढं हेच बिरुद लावलं. बिरुदावरून गाव कळतं. त्या गावात नवव्या शतकात चुलीपाशी कोणती भाषा बोलली जात होती, हे कळत नाही.

मग भाषेचा पुरावा. इथं आम्हाला एका माणसाचं नाव आदरानं घ्यावं लागतं. अनंत सदाशिव अळतेकर. कोल्हापूरकडचे, मराठी माणूस, काशीच्या हिंदू विद्यापीठात प्राध्यापक. १९३४ साली त्यांनी राष्ट्रकूटांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांनी लट्टलूर म्हणजे लातूर हे स्वीकारलं. त्यांच्या मते हे घराणं पुढं वऱ्हाडात अचलपूरकडं सामंत म्हणून नांदलं असावं. आणि घराण्याची मातृभाषा, त्यांनी स्पष्ट सांगितलं, कानडी होती. त्यांची कारणं साधी होती. गुजरातेतल्या शाखेचा ताम्रपट तिकडच्या लिपीत कोरला गेला, तरी राजाची सही मात्र दक्षिणी, जुन्या कानडी वळणाची. परक्या मुलखात माणूस सही करतो ती लहानपणी गिरवलेल्या अक्षरात. शिवाय अमोघवर्षाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कानडीतला हाती असलेला सगळ्यात जुना ग्रंथ तयार झाला.

अळतेकरांना हे लिहिताना आपल्याच लोकांची नाराजी दिसत नसेल असं नाही. तरी त्यांनी लिहिलं. इतिहासकाराची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

आता या ‘कविराजमार्गा’त आपल्यासाठी एक मोठी गंमत आहे. त्यात कानडी देशाची हद्द सांगितली आहे, कावेरीपासून गोदावरीपर्यंत. गोदावरी म्हणजे कुठं? इथून दक्षिणेला गंगाखेडला जा, तीच. या हिशेबानं लातूर कानडी देशात जातं, पिंगळी मात्र नदीच्या अलीकडं राहते! पण त्याच ग्रंथात पुढं असंही आहे की अस्सल, चोख कानडी बोलतात ती किसुवोळल, कोपण, पुलिगेरे, ओक्कुंद या गावांच्या मधल्या पट्ट्यात. किसुवोळल म्हणजे पट्टदकल, कोपण म्हणजे कोप्पळ, पुलिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर. हे सगळं गोदावरीपासून कितीतरी खाली. म्हणजे ग्रंथकारालाच ठाऊक होतं की गोदाकाठचा मुलूख मिसळीचा आहे.

मराठी तेव्हा नव्हती का? होती. ७७८ साली राजस्थानातल्या जालोरला उद्द्योतनसूरी या जैन आचार्यांनी ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पुरी केली. त्यात एका बाजारपेठेत देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दाखवले आहेत, आणि त्यात मरहट्टेही आहेत, कानडीही आहेत. म्हणजे राष्ट्रकूटांची सत्ता नवी होती, तेव्हाच या दोन्ही बोली जालोरपर्यंत वेगवेगळ्या ओळखल्या जात होत्या. फरक एवढाच की कानडी तेव्हा दगडावर आणि ग्रंथात आली होती, मराठी अजून तोंडावर होती. मराठीचे कोरीव लेख मिळू लागतात ते राष्ट्रकूट संपल्यावर. लिहिलं ते उरलं, बोललं ते विरलं. म्हणून लेख मोजून त्या काळची माणसं मोजायला गेलं की हिशेब चुकतो.

चौथा पुरावा वंशावळीचा. राष्ट्रकूटांचे नंतरचे ताम्रपट सांगतात, आम्ही यदुवंशी. पण सुरुवातीच्या लेखांत हे नाही. राज्य वाढलं तसे पूर्वजही मोठे झाले. यात नवल नाही, बहुतेक राजघराण्यांनी हेच केलं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दंतिदुर्गाची आई चालुक्यांची लेक होती. पुढं दुसऱ्या कृष्णाची राणी त्रिपुरीच्या, म्हणजे जबलपूरजवळच्या तेवरच्या, कलचुरी घराण्यातली. तिसऱ्या इंद्राची आईही कलचुरींचीच. आता सांगा, इंद्राचा वंश कोणता? बापाकडून मोजलं तर एक, आईच्या मांडीवर बसून मोजलं तर दुसरा. वंश वंश म्हणून आपण भांडतो, तेव्हा घरातल्या निम्म्या माणसांना, म्हणजे बायकांना, हिशेबातून बाहेर ठेवलेलं असतं.

आता आपल्या अगदी जवळ येऊ. परभणी ताम्रपट हे नाव इतिहासाच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. शके ८८८, म्हणजे इसवी सन ९६६. दान देणारा वेमुलवाड्याचा चालुक्य राजा तिसरा अरिकेसरी, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा मांडलिक. दान घेणारे सोमदेवसूरी, ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते. दानातलं गाव तेलंगणातलं. अरिकेसरीच्या बापानं बांधलेल्या जैन मंदिराच्या डागडुजीसाठी आणि पूजेसाठी ते दिलं. सोमदेवांचा संघ कोणता, तर गौड संघ. म्हणजे बघा, भाषा संस्कृत, राजा चालुक्य, सम्राट राष्ट्रकूट, जमीन तेलुगू मुलखातली, आचार्य गौड संघाचे, आणि पत्रा नावाजला परभणीच्या नावानं. या एका पत्र्याचं मूळ काय सांगणार?

याच वेमुलवाड्याच्या दरबारात पंप हा कानडीचा आदिकवी होता. त्याचा भाऊ जिनवल्लभ, त्यानं करीमनगरकडं कुरिक्याल इथं लेख कोरवला, तो संस्कृत, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत. त्याला तिन्हींत आपलं म्हणणं मांडायचं होतं, कारण वाचणारे तिन्हींतले होते. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगायला नको. निजामाच्या राजवटीत बाजारात मराठी, कचेरीत उर्दू, व्यापाऱ्याशी तेलुगू, सोयऱ्याशी कानडी असं बोलणारी माणसं आपण पाहिली आहेत.

हा वाद आपल्याकडंच आहे असं नाही. युरोपात स्लाव लोकांच्या मुळावरून पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं. कुणी त्यांना प्रिप्यात नदीच्या दलदलीतले म्हणालं, कुणी पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीकाठचे. पोलंडच्या सीमा सरकल्या की प्राचीन स्लावही सरकायचे. १७४९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत म्युलर नावाच्या जर्मन पंडितानं रशियन लोकांच्या नावाच्या आणि मुळाच्या प्रश्नावर भाषण तयार केलं. रूस हे उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातून आले असं त्याचं म्हणणं. लोमोनोसोव्ह या रशियन विद्वानानं कडाडून विरोध केला आणि ते भाषण होऊच दिलं नाही. अलीकडं, २००१ साली, फ्लोरिन कुर्टा या इतिहासकारानं वेगळी बाजू मांडली. स्लाव ही ओळख कुठूनतरी चालत आली नाही, ती बायझंटाईन साम्राज्याच्या डॅन्यूब सीमेवर, तिथल्या धामधुमीत घडली. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. पण त्यानं प्रश्न बदलला. ‘कुठून आले’ याऐवजी ‘कसे घडले’ असं विचारायला शिकवलं.

आपणही राष्ट्रकूटांना हाच प्रश्न विचारू. मग उत्तर मिळतं. हुद्द्यावरून नाव पडलेलं एक घराणं. लातूरची आठवण जपणारं. बहुधा घरात कानडी बोलणारं. आधी कुणाचं तरी मांडलिक, मग सत्ताधीश. लेकी-सुना चालुक्यांच्या, कलचुरींच्या. प्रजा मराठी, कानडी, तेलुगू, गुजराती. ‘मराठी की कानडी’ ही चौकट १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेची आहे. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आली, कलबुर्गी म्हैसूरकडं गेली. ही रेघ आपल्या सोयीसाठी आपण ओढली, आणि ठीकच ओढली. पण अमोघवर्षाला ती ठाऊक नव्हती.

कुणी म्हणेल, एवढं सांगून उपयोग काय? उपयोग आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडं होट्टल, करडखेड, तडखेल इथं जुने कानडी शिलालेख आहेत. लातूर, धाराशिव, सोलापूरकडंही आहेत. आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा असे दगड पाहतो. कुठं त्यावर ऑइलपेंट, कुठं शेंदूर, कुठं कपडे धुण्याची पायरी. विचारलं की उत्तर येतं, ‘ती कानडी अक्षरं हायेत, आपली न्हाईत.’ या एका वाक्यानं आपल्या गावाची दोनशे-तीनशे वर्षं पुसली जातात. तो लेख आपल्याच कुणा गावकऱ्यानं, आपल्याच देवाला, आपल्याच शेतातली जमीन देताना कोरलेला असतो. लिपी वेगळी म्हणून आपण आपल्याच पूर्वजाला परका ठरवतो.

म्हणून पिंगळीकरांना एवढंच मागणं. बारवेच्या भिंतीत, पारावर, शेताच्या बांधावर अक्षरांचा दगड दिसला तर रंग लावू नका, घासू नका. फोटो काढा, जाणकाराला दाखवा. लिपी कोणती ते तो सांगेल. तो दगड आपला आहे का, हे मात्र त्याला विचारू नका. आपल्या शिवारात आहे, तर आपलाच आहे.